बारा मिनिटांची मोठी सुट्टी: शाळेच्या व्यवस्थापनाला एक खुलं पत्र

मुख्याध्यापिका मॅडम, व्यवस्थापन समितीचे सगळे सदस्य, आणि त्या मीटिंगला हजर असलेले आपण सगळे पालक,

नमस्कार.

हेच सगळं मी आधी दोनदा अर्ज म्हणून ऑफिसात देऊन आले. एकदा पोच मिळाली, दुसऱ्यांदा तीही नाही. म्हणून आता उघड लिहितेय. शाळेचं नाव मी कुठेही घेणार नाही, ज्यांना कळायचंय त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांना ही आपल्याच शाळेची गोष्ट वाटली तर मला अजिबात नवल वाटणार नाही.

सुरुवात माझ्यापासून करते. गेल्या वर्षी ज्या मीटिंगमध्ये मोठी सुट्टी ३० मिनिटांवरून १२ मिनिटांवर आणायचं ठरलं, तिथे मीही हात वर केला होता. विरोधात नाही, बाजूने. रोजची १८ मिनिटं वाचतात, आठवड्याला ९० होतात, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सराव पेपर असं गणित फळ्यावर मांडून दाखवलं होतं आणि गणितात काही चूक नव्हती. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता, वाचनात जरा मागे, मला वाटलं बरं झालं, तेवढाच सराव. त्यामुळे ह्या पत्रात जिथे जिथे ‘तुम्ही’ आहे तिथे मी स्वतःला पण धरलंय.

आता वर्ष झालं. वाचन जिथे होतं तिथेच आहे. पण दुसरं एक झालं ज्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. सुट्टीत आम्ही त्याला एका बागेत घेऊन गेलो, तिथे सात-आठ पोरं पकडापकडी खेळत होती, ओळखीचं कुणी नाही. हा कडेला उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, उभाच. मी म्हटलं जा की. तर माझ्याजवळ आला आणि हळूच विचारतो, “आई, मला पण खेळायचंय असं कुणाला सांगायचं असतं? त्यांच्या मॅडम कुठेत?”

मी काय उत्तर देणार होते. त्याची मोठी बहीण ह्या वयाची असताना कुठल्याही घोळक्यात घुसायची, ‘मला घ्या ना’ म्हणायची, नाही घेतलं तर भांडायची आणि पाचव्या मिनिटाला तिच्यावर राज्य आलेलं असायचं. तीही ह्याच शाळेत शिकली, फक्त तेव्हा मोठी सुट्टी खरंच मोठी होती. दोन भावंडांचे स्वभाव वेगळे असतात हे मला कळतं, सगळं खापर सुट्टीवर फोडायचं नाहीये. पण खेळात घुसायचं कसं हे खेळूनच येतं, आणि ते कुठल्या तासाला शिकवतात ते मला तुमच्या टाइमटेबलात सापडलं नाही.

तेव्हापासून दीड-दोन महिने मी रात्री मुलं झोपली की ह्याच विषयावर वाचत बसते. मी काही तज्ज्ञ नाही. पण मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या एका अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलं एकमेकांत कशी मिसळतात ते बघून १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले, त्यात ‘नुसतं बघत उभं राहणं’ हाही एक आहे. आधी मूल एकटं खेळतं, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलं आपलंच खेळतं, मग वस्तूंची देवाणघेवाण, मग सगळे मिळून एक डाव मांडतात, आणि अधेमधे कडेला उभं राहून अंदाज घेणंही चालू असतं. म्हणजे माझा मुलगा उभा होता ह्यात वावगं काही नव्हतं. फक्त तिथून पुढे जायला वेळ लागतो, एखाद्याला दोन मिनिटं, एखाद्याला वीस. बुजऱ्या पोराचे पाय हलेपर्यंत आपली बेल झालेली असते.

ह्या १२ मिनिटांत नक्की काय होतं ते पण मी बघितलं. एका कागदावर सही करायला आले होते, तेवढ्यात सुट्टीची बेल झाली, मग मुद्दाम थांबले आणि मोबाईलवर वेळ लावली. हात धुवायची रांग, डबा, बाथरूमची रांग, आणि दुसरी ब ची पोरं मैदानात पोचली तेव्हा दोन मिनिटं उरली होती. त्या दोन मिनिटांत त्यांनी भिडू वाटायला घेतले, तुझ्यावर राज्य, नाही तुझ्यावर, मी आधी सुटलो होतो, तू रडीचा डाव खेळतोस, आणि तेवढ्यात शिट्टी. डाव सुरूच झाला नाही. शिपाईमामा म्हणाले रोज असंच होतं, नुसती भांडतात.

आता माझं म्हणणं असं की ती जी नुसती भांडतात ना, अर्धा अभ्यास तर तिथेच असतो. ज्याँ पियाजे हा एवढा मोठा मानसशास्त्रज्ञ, तो मुलांसमोर गोट्या घेऊन बसायचा आणि त्यांना नियम विचारायचा, हे नियम कुणी केले, बदलता येतात का. १९३२ मध्येच त्याने ते छापलं. लहान पोरांना वाटतं नियम कुणी तरी मोठ्यांनी घालून दिलेत, त्यांना हात लावायचा नाही. जरा मोठी झाली की त्यांच्या लक्षात येतं की नियम आपलेच असतात आणि सगळ्यांनी कबूल केलं तर बदलता पण येतात. ही समज मोठ्यांनी सांगून येत नाही, बरोबरीच्या पोरांशी हुज्जत घालून घालून येते. आपल्याकडचा कच्चा लिंबूच घ्या की. एक छोटं भावंड मागे लागलेलं असतं, त्याला खेळात घेतलं तर डाव बिघडतो, नाही घेतलं तर ते भोकाड पसरतं. मग ह्याला घ्यायचं, पळू द्यायचं, पण हा आउट नाही. इतका माणुसकीचा नियम कुणा समितीने बसून केलेला नाही, कुठल्या तरी पोरांनीच कधीतरी काढला. टाइमप्लीज पण त्यांचंच. ते काढायला आणि वापरायला पोरांकडे मोकळा वेळ होता आणि मध्ये शिट्टी मारणारं कुणी नव्हतं.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते. सुट्टी बंद करण्याची शिक्षा. गेल्या एका महिन्यात माझ्या मुलाची मोठी सुट्टी ९ दिवस कापली गेली, मी त्याच्या डायरीतले शेरे मोजलेत. चार वेळा गृहपाठ अपूर्ण म्हणून, पाच वेळा ‘वर्गात स्थिर बसत नाही’ म्हणून. म्हणजे ज्याला बसवत नाही त्याला शिक्षा काय, तर अजून बस. त्या १२ मिनिटांत तो बाकावर बसून बाहेरचा आवाज ऐकत असतो आणि पुढच्या तासाला आणखी चुळबुळ करतो, मग पुन्हा शेरा, मग पुन्हा सुट्टी बंद. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, त्यांनी २०१३ मध्ये लेखी भूमिका घेतली की सुट्टी शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी काढून घेऊ नये. आणि कारण भावनिक नव्हतं, सलग बसून काम केल्यावर मुलांचं लक्ष उडतं आणि मधे खेळून आल्यावर पुन्हा लागतं, हे होतं. फिनलंडच्या शाळांमध्ये साधारण ४५ मिनिटांचा तास आणि मग १५ मिनिटं सुट्टी असा रिवाजच आहे. आपल्याकडे तीन तास सलग आणि मग ती १२ मिनिटं, तीही वागणूक चांगली असेल तर.

वर्गातल्या मॅडमवर माझा राग नाही हे मला इथे स्पष्ट लिहायचंय. एका वर्गात चाळीसच्या वर मुलं सांभाळायची, ओरडायचं नाही, हात लावायचा नाही (आणि तो लावू नयेच), मग त्यांच्या हातात उरतं काय. सुट्टी हे एकच असं काही आहे जे काढून घेतलं की पोरं घाबरतात. पण मुळात ज्या गोष्टीसाठी पोरं एवढी घाबरतात तिची त्यांना किती गरज असेल, असं नको का वाटायला आपल्याला?

तिसरं, हे मी दोन्ही अर्जांत लिहिलं होतं आणि त्यावर तोंडी उत्तर मिळालं की “आमच्याकडे स्पोर्ट्स आहे की.” आहे, मान्य. आठवड्यातून दोन तास, कोच येतात, प्लॅस्टिकचे कोन मांडतात, पोरं रांगेत उभी राहतात आणि आपला नंबर आला की एकदा पळतात. त्याला मी नावं ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, त्यात हे थोडंफार धरता येईल. पण ते खेळणं नव्हे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम ३१ मध्ये विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलाय, आणि २०१३ मध्ये त्या कलमाचा खुलासा करताना त्यांच्या समितीने खेळ म्हणजे काय तेही सांगितलं, की जे मुलं स्वतः सुरू करतात, स्वतः चालवतात आणि स्वतः त्याला आकार देतात ते. कोचच्या तासाला ह्यातलं एकही मुलांच्या हातात नसतं. कंटाळा आला तर थांबता पण येत नाही, आणि जे थांबवता येत नाही त्याला पोरं खेळ म्हणतच नाहीत, विचारून बघा.

बरं, संयुक्त राष्ट्रांनी २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस म्हणून जाहीर केलाय. आपल्या शाळेने तो साजरा केला, फोटो पण आले ग्रुपवर. मुलांनी वर्गात ओळीने बसून ‘खेळणारी मुलं’ ह्या विषयावर चित्रं काढली. त्या दिवशीही मोठी सुट्टी १२ मिनिटंच होती.

मैदानाबद्दल. कोपऱ्यात जो मातीचा ढीग होता, बांधकामातून उरलेला, त्यावर पोरं चढायची, घसरायची, खड्डे करायची, पाण्याची बाटली ओतून नदी करायची. तो हलवून तिथे गाड्या लावायची सोय झाली, आणि बदल्यात रबरी मॅटवर एक घसरगुंडी आली जिच्यावर एका वेळी एकच मूल आणि तेही शिडीनेच वर जायचं. शिवाय पाटी लागली, पळू नये. मैदानात! १९४३ मध्ये डेन्मार्कमध्ये, जर्मनांचा ताबा असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुपला एक खेळाची जागा सुरू झाली जिथे पाळणे-घसरगुंडी असलं काही नव्हतं, लाकडं, विटा, माती, टाकाऊ सामान आणि हत्यारं होती. सोरेन्सन नावाच्या एका बागरचनाकाराच्या डोक्यातली ती कल्पना, त्याने बघितलं होतं की त्याने बांधलेल्या नीटनेटक्या मैदानांपेक्षा पोरांचा जीव बांधकामाच्या पसाऱ्यात जास्त रमतो. आपल्याकडे तो पसारा फुकटात मिळालेला होता आणि आपण तो काढायला ट्रॅक्टर बोलावला.

लागेल, पडतील, पालक भांडायला येतील, ही तुमची भीती खोटी नाही. आम्ही पालक येतोच भांडायला, खरचटलं तरी. त्यामुळे ह्यात आमचाही हिशेब करा. पण एलेन सँडसेटर ह्या नॉर्वेच्या संशोधक बाई मुलांच्या धाडसी खेळांचे प्रकार सांगतात, उंची, वेग, हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टी, कुस्ती-झटापट, आणि एकटंच लांब जाऊन हरवण्याची मजा. ह्यातला एकही आपल्या आवारात शिल्लक नाही. मी किती उंचावरून उडी मारू शकतो हा अंदाज मूल घेतं ते आधी एका पायरीवरून मारून, मग दोन, मग तीन. सात वर्षांत एकदाही अंदाज न घेतलेलं पोरगं जेव्हा कधी तरी गच्चीच्या कठड्यावर चढेल तेव्हा त्याला काय कळणार आहे? मला तर ती भीती जास्त वाटते.

आणि डोळे. हे वाचून मी स्वतः चाट पडले. चीनमध्ये ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, १२ शाळा, त्यातल्या सहांमध्ये रोज ४० मिनिटांचा एक जादा तास फक्त बाहेर उजेडात काढायचा, बाकी सहांमध्ये नेहमीसारखं. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या शाळांत साधारण ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, बाकीच्या शाळांत साधारण ४० टक्के. निकाल २०१५ मध्ये आला. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बाहेर जाणं. आपण उलटा प्रयोग करतोय, १८ मिनिटं आत घेऊन.

बालवाडीचा विषय माझा थेट नाही, माझं मूल आता तिथे नाही, पण येता-जाता दिसतं म्हणून लिहितेच. लाकडी ठोकळे, भातुकली, हातबाहुल्या हे सगळं काचेच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि ते नवीन ॲडमिशनचे पालक आले की उघडतं. तीन-चार वर्षांची बाळं वर्कशीटवर ठिपके जोडत बसलेली असतात. आरोग्य संघटनेचं २०१९ चं सांगणं आहे की ह्या वयाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० तरी चांगली धावपळीची. पण मला त्यापेक्षा दुसरंच सांगायचंय, कारण ते माझ्या मुलाच्या वाचनाशी येऊन भिडतं. व्हायगॉट्स्की नावाचा एक रशियन मानसशास्त्रज्ञ होता, १९३४ मध्ये वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. तो म्हणायचा की मूल काठीवर टांग टाकून घोडा घोडा करतं तेव्हा ते फार मोठं काम करत असतं, वस्तू एक आणि तिचा अर्थ दुसरा, हे वेगळं करायला शिकत असतं. काठी म्हणजे घोडा. मग हळूहळू कागदावरची रेघ म्हणजे आवाज. लिहिण्या-वाचण्याची मुळं त्याला तिथे दिसली. आणि त्याच्याच वाटेने गेलेल्या संशोधकांनी पुढे बघितलं की लहान मुलांना ‘हलू नका’ सांगितलं तर ती जेवढी उभी राहतात त्यापेक्षा ‘तू पहारेकरी आहेस’ म्हणून खेळात उभी केली तर कितीतरी जास्त वेळ स्थिर राहतात. ‘वर्गात स्थिर बसत नाही’ हा शेरा मी पाच वेळा सही करून परत पाठवलाय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

खेळ म्हणजे टाइमपास असं ज्या पालकांना वाटतं (मलाही वाटायचं) त्यांच्यासाठी एकच गोष्ट. जमैकात १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली १२९ बाळं घेतली, ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली. त्यातल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते दाखवायची, घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं तर ज्यांच्या घरी हे झालं होतं त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. २०१४ मध्ये हे छापून आलं. आपल्या ९० मिनिटांच्या सराव पेपराचा वीस वर्षांनी काय हिशेब लागेल ते मला माहीत नाही, एका वर्षाचा माझ्या घरात लागलाय.

“घरी खेळतात की” हे पण ऐकलं मी, मीटिंगमध्येही आणि ग्रुपवरही. कुठे खेळतात? घरी येईपर्यंत संध्याकाळ, मग क्लास, मग गृहपाठ, आणि खेळायला बरोबरीचं पोर कुणाच्या घरी आहे? शाळा ही एकच जागा उरलीय जिथे एका वयाची शंभर पोरं एका वेळी एका ठिकाणी असतात. तिथेच त्यांना एकमेकांशी खेळू द्यायचं नाही म्हटल्यावर उरतो मोबाईल, आणि मग मोबाईल पाहतात म्हणून त्याच मुलांची तक्रार तुम्हीही करता आणि आम्हीही.

आमच्या मागण्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि दुसरी ब च्या आणखी अकरा पालकांच्या, त्यांनी सह्या दिल्यात.

मोठी सुट्टी पुन्हा ३० मिनिटं करा, आणि डब्याची वेळ त्यात धरू नका, ती वेगळी.

कुठल्याही कारणाने कुठल्याही मुलाची सुट्टी शिक्षा म्हणून बंद होणार नाही असं लेखी परिपत्रक काढा. गृहपाठ राहिला तर आम्हाला कळवा, तो आमचा प्रश्न आहे.

‘पळू नये’ ची पाटी काढा. गाड्या गेटबाहेर लावा, आम्हा पालकांच्या गाड्या धरून, आम्ही चालत येऊ. एक ट्रॉली माती टाका, तेवढ्याची वर्गणी आम्ही काढतो. लक्ष ठेवायला माणूस कमी पडत असेल तर रोज दोन पालक आळीपाळीने येऊन उभे राहतील, फक्त कडेला, शिट्टी न घेता. खरचटलं तर शाळेला जाब विचारणार नाही असं आम्ही बारा जण लिहून द्यायला तयार आहोत, मोठ्या दुखापतीची आणि सुरक्षेची जबाबदारी अर्थात शाळेचीच राहील.

बालवाडीच्या कपाटाचं कुलूप काढा. ह्याला मीटिंगची गरज नाही, किल्ली ऑफिसात आहे.

ज्या पालकांनी माझ्यासारखा हात वर केला होता त्यांना विनंती एवढीच की पुढच्या मीटिंगला हा विषय पुन्हा मतदानाला आला तर आधी एकदा सुट्टीच्या वेळी गेटपाशी उभं राहून बघा, घड्याळ घेऊन या. आणि मॅडम, हा विषय त्या मीटिंगच्या अजेंड्यावर येणार आहे की नाही ते महिनाअखेरपर्यंत लेखी कळवा. फोनवर नको, फोनवर आपण दोघी फार गोड बोलतो आणि काहीच ठरत नाही.

आपली,
दुसरी ब मधल्या एका मुलाची आई

ता. क. तुमच्या ऑफिसातल्या फायलींच्या कपाटावर जप्त केलेले चार-पाच बॉल आहेत. त्यातला अर्धा हवा गेलेला पिवळा आमचा. माझ्या मुलाला तो नकोय म्हणे, कारण “आणून काय करू, डाव तर होतच नाही.” तरी मी सोमवारी न्यायला येतेय.